मूद आणि डोनट

‘आजोबा, तुला ॲनिमे आवडतं का?’ असं नातवानं भर जेवणाच्या टेबलावर विचारलं, तेव्हा मी चपापून सूनबाईकडे पाहिलं. काही विषय चारचौघांत काढायचे नसतात. १९८८ साली हर्नियाच्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री एका धिप्पाड वॉर्डबॉयनं मला जो दिला होता, त्याची आठवण मी मनाच्या अगदी तळाशी गाडून टाकली होती.

‘आवडतो असं नाही म्हणता येणार,’ मी आवाज खाली आणून म्हणालो, ‘पण डॉक्टरांनी सांगितलं तर घ्यावा लागतो.’

त्यावर घरात जो हशा पिकला, त्याचा अर्थ मला अर्ध्या तासानं कळला. ॲनिमे म्हणजे जपानी लोकांनी काढलेले चित्रपट आणि मालिका. मोठ्ठाल्या डोळ्यांची, रंगीबेरंगी केसांची माणसं, यंत्रमानव, भुतंखेतं, आणि मधूनच शांतपणे पडणारा पाऊस. या प्रकाराला चुकूनही ‘कार्टून’ म्हणायचं नाही. बड्या बुवांच्या मैफलीनंतर ‘गाणी छान झाली हो’ म्हटल्यावर बुवा जसे बघतात, तसा आमचा नातू बघतो. शब्दाची जन्मकथाही ऐकण्यासारखी आहे. मूळ इंग्रजी ‘ॲनिमेशन’. जपान्यांनी तो आपल्या सोयीनं आखूड केला, आणि आता अमेरिकन लोक तोच शब्द खास परदेशी माल म्हणून आयात करतात. आपण त्यांच्या ‘बॉटल’ची बाटली केली, पण ती त्यांना परत विकण्याची अक्कल काही आपल्याला सुचली नाही.

२०२५ च्या मे महिन्यात आम्ही उभयता न्यू जर्सीत, एडिसनला मुलाकडे गेलो होतो, तेव्हाची ही गोष्ट. नातू तेरा वर्षांचा. नाव हृषीकेश. हे नाव मी मोठ्या हौसेनं सुचवलं होतं. शेजाऱ्यांनी त्याचं ऋषी केलं, शाळेनं रिश केलं, आणि खेळाच्या मास्तरांनी ‘रिच’ करून टाकलं. आमच्या घराण्यात चार पिढ्यांत रिच झालेला हा पहिलाच, म्हणून मी तक्रार केली नाही. त्याच्या बापाचं, म्हणजे श्रीकांतचं, ऑफिसात नुसतं ‘श्री’ झालं आहे. रकाना भरायचा राहून गेलेल्या छापील अर्जासारखं! नातवाचं मराठी चांगलं आहे, फक्त तो मला ‘तू’ आणि शेजारच्या कुत्र्याला ‘तुम्ही’ म्हणतो.

तर प्रश्न असा होता, की हृषीकेशच्या शाळेत वादविवाद होता आणि बाईंनी विषय दिला होता : ‘ॲनिमे पाश्चात्त्य प्रेक्षकांत आणखी रुळावं काय?’ हृषीकेशच्या वाट्याला ‘रुळावं’ ही बाजू आली होती. आता वादविवाद म्हटल्यावर अस्मादिकांना स्फुरण चढलं. १९७१ साली कॉलेजात ‘विज्ञान : शाप की वरदान’ या विषयावर मी दुसरं बक्षीस मिळवलं होतं. पहिल्या वर्षी शाप म्हणून बोललो, तर पुढच्या वर्षी वरदान म्हणून. विज्ञानाला दोन्ही वेळा काही फरक पडला नाही.

‘सोपं आहे,’ मी म्हणालो. ‘तुला एवढं आवडतं ना? मग रुळावं म्हणून ठणकावून सांग.’

‘पण मला तसं नाही वाटत,’ तो म्हणाला. ‘आजोबा, आधी वर्गात आम्ही तिघंच बघायचो. आता फुटबॉलवाली सगळी पोरं निन्जाचे टीशर्ट घालतात. नावं पण धड बोलता येत नाहीत त्यांना. सगळ्यांनीच बघितलं तर मग आमचं काय उरलं?’

खोटं कशाला सांगू, मला ते मनोमन पटलं. आमच्या डोंबिवलीत एक मिसळीचं हॉटेल होतं. चार टेबलं, आठ बाक आणि गल्ल्यावर जगाचा राग आलेला मालक. साडेदहानंतर गेलं की तो मान वर न करता ‘संपली’ म्हणायचा. त्या ‘संपली’मध्ये काय रुबाब होता! मग कुणीतरी वर्तमानपत्रात त्याच्यावर लेख लिहिला. मुंबईहून मोटारी यायला लागल्या. आता तिथं काचेचं दार आहे, चीज मिसळ आहे आणि मालकाचा मुलगा ‘पुन्हा या’ म्हणतो. ‘पुन्हा या’ म्हणणाऱ्याकडे मिसळ खायला पुन्हा कोण जाईल? मी मात्र अजून जातो आणि दर वेळी बरोबरच्याला सांगतो, की पूर्वी मजा होती. सुख मिसळीचं निम्मं आणि ‘आम्हालाच ठाऊक’ याचं निम्मं असतं.

पण बाजू ‘रुळावं’ची होती. तेव्हा रोज रात्री जेवणं आटोपली की आजोबा-नातवाचं संशोधन मंडळ टेबलाशी बसू लागलं. तो सांगायचा आणि मी बँकेतल्या सवयीनं लेजर आखून टिपून घ्यायचो.

त्यातून कळलं ते असं. ॲनिमे अमेरिकेत आजचं नाहीच. ओसामु तेझुकांचा यंत्रपोऱ्या ‘आतोमु’ १९६३ सालीच तिथल्या टीव्हीवर पोचला. मात्र ‘ॲस्ट्रो बॉय’ हे नाव लावून. १९६७ साली मोटारींच्या शर्यतीची मालिका आली. तिचा नायक गो मिफुने. विमानतळावर उतरता उतरता त्याचा ‘स्पीड रेसर’ झाला. अमेरिकन पोरं खुशीत बघत होती, पण यातलं जपानी काय हे कितीजणांना ठाऊक? १९८५ साली तर कमाल झाली. आठवड्याचे पाच दिवस मालिका दाखवायची तर निदान ६५ भाग हवेत, आणि जपानी मालिका तेवढी लांब नव्हती. मग एकमेकींशी काडीचा संबंध नसलेल्या तीन मालिका शिवून ८५ भागांची एक केली. तिचं नाव ‘रोबोटेक’. आपल्याकडे तीन जुन्या लुगड्यांची गोधडी करतात, तशी. गोधडी ऊबदार निघाली, हेही कबूल केलं पाहिजे. कितीतरी अमेरिकन पोरांना जपानी चित्रांची पहिली गोडी तिनंच लावली.

त्याच वर्षी हायाओ मियाझाकींचा ‘नाउसिका’ हा चित्रपट वीसेक मिनिटं कापून, नाव बदलून, लढाईचा सिनेमा म्हणून तिकडे विकला गेला. मियाझाकी मंडळींना ते इतकं झोंबलं, की पुढं त्यांनी काटछाट करू न देण्याची अटच घातली. ‘प्रिन्सेस मोनोनोके’ अमेरिकेत न्यायची वेळ आली तेव्हा त्यांचे निर्माते तोशिओ सुझुकी यांनी तिथल्या वितरकाला, हार्वी वाइनस्टीनला, एक जपानी तलवार भेट दिली. सोबत निरोप दोनच शब्दांचा : ‘काटछाट नाही.’ १९९९ साली तो चित्रपट अमेरिकेत अखंड लागला. हे ऐकून माझं ऊर भरून आलं. दिवाळी अंकासाठी मी पाठवलेल्या आठ पानी लेखाचा एका संपादकांनी पाऊण पानाचा चुटका केला होता. तेव्हा माझ्याकडे तलवार असती तर! घरात धारेचं असं एक विळी होती आणि तीही सौ.च्या ताब्यात.

मग आली भाताच्या मुदीची कथा. १९९८ पासून अमेरिकेत पोकेमॉन सुरू झालं. त्यात एका प्रसंगी पोरं डबा उघडून ओनिगिरी खातात. ओनिगिरी म्हणजे आपल्या भाताच्या मुदीची जपानी बहीण. तिकोनी, पांढरीशुभ्र आणि खाली समुद्रशेवाळाची काळी पट्टी. पण अमेरिकन पोरांना हे कसं कळणार, अशी काळजी तिथल्या भाषांतरकारांना पडली. म्हणून इंग्रजीत पात्र बेधडक सांगतं, की मला हे जेली भरलेले डोनट फार आवडतात. चित्रात दिसतोय भात, कानात पडतोय डोनट! हृषीकेशनं हे मला मोबाइलवर दाखवलं आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. एका समुद्री चाच्याच्या मालिकेत तर आचाऱ्याच्या तोंडातली सिगारेट खोडून काठीवरची गोळी दिली होती. चाचेगिरी चालेल, पण धूम्रपान नको!

‘म्हणून मी सबटायटलच बघतो,’ हृषीकेश म्हणाला. ‘डब नाही. डबमध्ये ते ‘ओनी-चान’ पण काढतात.’

‘म्हणजे काय?’

‘दादा. लहान बहीण मोठ्या भावाला म्हणते. इंग्रजीत दादाला शब्दच नाही ना, मग ते तिथे त्याचं नाव टाकतात. दादा म्हणण्यात जे असतं ना आजोबा, ते सगळं जातं.’ थोडा वेळ गप्प राहून तो म्हणाला, ‘आणि तिथे सगळे घरात येताना बूट काढतात. आपल्यासारखे.’

मी लेजर मिटलं. इतके दिवस मला वाटत होतं, की पोरगं जपानच्या नादाला लागलंय. ते खरं तर जोडे बाहेर काढणारं, भात खाणारं, मोठ्या भावाला दादा म्हणणारं घर टीव्हीवर बघत बसलं होतं.

त्या रविवारी त्यानं मला ‘माय नेबर टोटोरो’ दाखवला. मियाझाकींचा १९८८ सालचा चित्रपट. अर्थात सबटायटलसह. माझ्या चष्म्याच्या खालच्या भिंगातून अक्षरं आणि वरच्यातून चित्र असा तो योग असल्यामुळे पहिली दहा मिनिटं माझी मान कबुतरासारखी हलत होती. मग एक प्रसंग आला. दोघी बहिणी भर पावसात, अंधारात, बापासाठी छत्री घेऊन बसच्या थांब्यावर उभ्या आहेत. बस येते, पण तीत बाप नसतो. धाकटी पेंगायला लागते, म्हणून थोरली तिला पाठुंगळीला घेते. बाकी काही नाही. पाऊस पडतोय. तुम्हाला सांगतो, मी अक्षरं वाचायची सोडून दिली. १९६० सालच्या पावसाळ्यात मी आणि ताई डोंबिवली स्टेशनच्या जिन्याखाली आप्पांची छत्री घेऊन असेच उभे होतो आणि दोन लोकल आप्पांना न घेताच आल्या होत्या. हे त्या जपानी गृहस्थांना कुणी सांगितलं?

‘आजोबा, तू रडतोय?’

‘चष्म्याचा नंबर वाढलाय,’ मी म्हणालो.

आमचे चिरंजीव मागून हे सगळं बघत होते. त्याचं मत, पोरानं यात वेळ फुकट घालवू नये, एवढं साधं होतं. ‘बाबा, तुम्ही तरी त्याला नादी लावू नका. आम्ही लहानपणी बघायचो का असली जपानी खुळं?’

हृषीकेश शांतपणे म्हणाला, ‘बाबा, तू मोगली बघायचास ना? ते ॲनिमे आहे.’

श्रीकांतचा चेहरा पाहण्यासारखा झाला. १९९३ च्या सुमारास रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली लागायचा. त्या वेळात आमच्या चाळीत एक पोर नळावर, गॅलरीत किंवा आईच्या हाताशी सापडत नसे. सगळ्यांना तो आपलाच वाटायचा. आणि तो १९८९ साली जपानात तयार झाला होता! मुंबईत जन्मलेल्या इंग्रजानं, म्हणजे किपलिंगनं, मध्य प्रदेशातल्या शिवनीच्या जंगलावर गोष्टी लिहिल्या, त्या जपान्यांनी चितारल्या, दूरदर्शननं हिंदीत बोलवल्या आणि डोंबिवलीत आमच्या पोरानं त्यापायी माझी भाजीची पिशवी तासभर खोळंबून ठेवली. ॲनिमे रुळावं की नाही हे आम्हाला कुणी विचारलंच नाही. ते रुळून, गाणं म्हणून, चड्डी घालून निघूनही गेलं! त्या रात्री चिरंजीव अकरापर्यंत मोबाइलवर मोगलीचे भाग बघत होते.

एवढ्यात घरात एक लहानसा स्फोट झाला. हृषीकेशचा एक वर्गमित्र घरी आला होता. त्यानं अदबीनं सौ.ला विचारलं, की रिच रोज डब्यात आणतो तो बटाटा घातलेला टॉर्टिया मला मिळेल का. टॉर्टिया म्हणजे मेक्सिकन लोकांची पोळी. अमेरिकेत ती सगळ्यांना ठाऊक असते. पाहुणा जाईपर्यंत सौ. हसतमुख होती. मग माझ्याकडे वळली.

‘ऐकलंत का अहो? चाळीस वर्षं मी पोळ्या लाटतेय. घडीच्या! पदर सुटलेल्या! आणि हा शाळेत सांगतो टॉर्टिया!’

हृषीकेश खाली मान घालून म्हणाला, ‘आजी, पोळी म्हटलं की खूप एक्स्प्लेन करावं लागतं. टॉर्टिया म्हटलं की कोणी काही विचारत नाही.’

याच्यावर रागवायचं कसं? बँकेत दिल्लीहून आलेल्या साहेबाला मी पुरणपोळी म्हणजे ‘स्वीट पराठा’ असं सांगितलं होतं. समोरच्याला सोपं जावं म्हणून आपण आपल्या गोष्टीचं नाव बदलतो आणि सुटलो म्हणतो. त्या भाषांतरकारांनी तरी वेगळं काय केलं होतं?

मी फक्त एवढंच म्हणालो, ‘म्हणजे हा आपला डोनट म्हणायचा.’

तो एकदम माझ्याकडे बघायला लागला. काही बोलला नाही. उठला आणि भाषणाचा कागद घेऊन खोलीत गेला.

जूनमध्ये वादविवाद झाला. आम्ही दोघं शेवटच्या रांगेत. हृषीकेश म्हणाला, ॲनिमे जरूर रुळावं. थोड्या लोकांपुरतं राहिलं तर ते जिवंत कसं राहील? इंटरनेटच्या आधी इथले विद्यार्थी व्हिडिओ कॅसेटवर घरच्या घरी इंग्रजी अक्षरं चढवायचे आणि पोस्टानं एकमेकांना पाठवायचे. आपल्याला आवडलं ते दुसऱ्यालाही दिसावं एवढ्यासाठी. मियाझाकींच्या चित्रपटांना २००३ आणि २०२४ साली ऑस्कर मिळालं, ते त्यातलं जपान काढून टाकून नाही मिळालं. तेव्हा खुशाल सगळ्या जगानं बघावं, पण भाताला भात म्हणून बघावं. प्रेक्षक दोन पावलं चालत आला पाहिजे. आणि मी माझ्या डब्यापासून सुरुवात करणार आहे, असंही तो म्हणाला. माझ्या इंग्रजीमुळे मला आधी नीट कळलं नाही; सौ.ला बरोबर कळलं. तिनं पदर डोळ्याला लावला.

त्यानंतर समोरच्या बाजूची एक चुणचुणीत मुलगी उठली. ती म्हणाली, गिऱ्हाईक वाढलं की दुकानदार गिऱ्हाइकाकडे बघून माल काढायला लागतो. उद्या जपानीच अमेरिकनांना रुचेल असं काढू लागतील, मग तुम्ही तलवार कुणाला पाठवणार? मला चीज मिसळ आठवली आणि मी चुकून टाळी वाजवली. निकाल तिच्या बाजूनं लागला.

‘माझाही दुसराच नंबर आला होता,’ मी गाडीत त्याची समजूत घातली.

‘किती जण होते आजोबा?’

मी विषय बदलला.

ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या जॅविट्स सेंटरमध्ये या मंडळींचा मोठा मेळा भरतो. २०२४ साली तिथं एक लाखावर माणसं आली होती. यंदा नातवाबरोबर मोठं माणूस कोण, तर अस्मादिक. आत एसीचा गारठा असतो हे ऐकून सौ.नं मला लेंगा, झब्बा, वर जाकीट, मफलर आणि कानटोपी असा जामानिमा चढवला. हातात छत्री. खांद्याला कापडी पिशवी, तीत पोळीभाजीचा डबा. लोकल गाडीत लोक माझ्याकडे बघत होते. मेळ्यात शिरलो आणि बघणं थांबलं. तिथं शिंगं लावलेले, शेपट्या लावलेले, पुठ्ठ्याच्या तलवारी घेतलेले, निळ्या केसांचे हजारो लोक शिस्तीत रांगा लावून उभे होते. आयुष्यात पहिल्यांदाच मी चारचौघांसारखा दिसत होतो.

एक निळ्या केसांची मुलगी धावत आली. माझा फोटो काढू का, म्हणाली. मी छत्री सावरून उभा राहिलो. मग तिनं आदरानं विचारलं, ‘आपण कुणाचं सोंग घेतलंय?’

हा प्रश्न बँकेत छत्तीस वर्षं मलाही पडत होता. मी नातवाकडे पाहिलं. त्याला ‘ग्रँडपा’ म्हणता आलं असतं. तिला चटकन कळलंही असतं.

‘हे आजोबा आहेत,’ तो म्हणाला. अगदी असाच, आजोबा.

‘आ-जो-बा!’ तिचे डोळे त्या चित्रांतल्यासारखे मोठे झाले. ‘कुठल्या मालिकेतले?’

‘खूप जुनी मालिका आहे,’ हृषीकेश गंभीरपणे म्हणाला. ‘अजून डब नाही झाली.’

मग आम्ही भिंतीकडेला डबा उघडला. ती तिथंच घुटमळत होती, म्हणून तिला एक पोळी दिली. हे काय, तिनं विचारलं. ‘पोळी,’ हृषीकेश म्हणाला, आणि तिच्याकडून ते तीनदा म्हणवून घेतलं. तिची ‘पोली’वर गाडी अडली. ‘चालेल,’ तो म्हणाला, ‘ळ कठीण असतो.’ तिनं मैत्रिणीला हाक मारली, मैत्रिणीनं शिंगवाल्याला बोलावलं, शिंगवाल्यानं आणखी कुणाला. बघता बघता सौ.च्या पोळ्या पाश्चात्त्य प्रेक्षकांत रुळल्या.

शेपटीवाला एक उंच मुलगा सर्वांत शेवटी आला. हृषीकेशनं डब्यात पाहिलं. एकच पोळी उरली होती. त्यानं ती माझ्या हातावर ठेवली, झाकण लावलं आणि मान वर न करता म्हणाला :

‘संपली.’